केंटकीतला मूळ पुरुष, पण त्याचा बाप कोण?

सासुरवाशीण :
माझे यजमान अमेरिकन. सासूबाईंनी जाण्याआधी एक वही माझ्या हाती दिली, "पुढचं तू बघ" म्हणाल्या. पहिल्याच पानावर लिहिलंय की घराण्याचा मूळ पुरुष १७७५ साली डॅनियल बून या नामांकित वाटाड्याबरोबर कंबरलँड गॅप ही डोंगरातली खिंड ओलांडून केंटकीत आला. १८१०च्या जनगणनेत तो लिंकन काउंटीत सापडला, पण नाव फक्त त्याचंच. बाकीचं घर म्हणजे वयोगटांच्या रकान्यांत नुसते आकडे, बायकोचंसुद्धा नाव नाही. त्याआधी सगळा अंधार. इंटरनेटवर आयत्या वंशावळी ढिगानं आहेत. एकीत बाप मुलापेक्षा सातच वर्षांनी मोठा! त्यात त्याच नावाचे दोघे, एक सीनियर, एक ज्युनियर. याचा बाप शोधू कुठे?

जुनेकागद :
बूनच्या त्या वाट पाडणाऱ्या टोळीत माणसं होती तीसेक. आज स्वतःला त्यांचे वंशज म्हणवणारे सगळे खरे मानले तर गॅपमध्ये चेंगराचेंगरी झाली असती. ते पान तूर्त बाजूला ठेवा. केंटकीचे १७९० आणि १८००च्या जनगणनेचे कागद उरलेले नाहीत, त्यामुळे भिस्त करयाद्यांवर. एकच वर्ष बघून थांबू नका, ओळीनं वाचा. घोडे किती, जमीन कुठल्या ओढ्यावर, २१ वर्षांवरचे गोरे पुरुष किती. एकाचे दोन झाले तर बहुधा मुलगा वयात आला. सीनियर-ज्युनियर म्हणजे बापलेकच असं नाही; काका-पुतणे असतात, कधी नातंच नसतं. थोरला गेला की धाकटाच सीनियर होतो, मग आपण बसतो डोकं खाजवत.
आणि १७९२पर्यंत केंटकी हा व्हर्जिनियाचाच भाग होता, हे विसरू नका.

साखळीवाला :
जमिनीच्या मोजणीचे कागद काढा. अमुक ओकपासून ओढ्यापर्यंत इतके पोल (एक पोल म्हणजे साडेसोळा फूट) असं वर्णन असतं. ते सोडून थेट खाली या. मोजणीची साखळी धरणाऱ्यांची नावं तिथं असतात. रानात कोण जाणार साखळी ओढायला? भाऊ, मेहुणा, नाहीतर शेजारी. विक्रीखतात बायकोनं आपला हक्क सोडल्याची नोंद असेल तर तिचं नावही मिळेल.

पेन्शनर :
तो क्रांतियुद्धात (अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात) लढला असेल तर १८३२च्या कायद्याखालचा पेन्शनचा अर्ज बघाच. अर्जदाराला कोर्टात ठरलेले प्रश्न विचारायचे: जन्म कुठे, वयाची नोंद कुठे आहे, युद्धानंतर कुठेकुठे राहिलात.

सासुरवाशीण :
मिळाला अर्ज! जन्म ऑगस्टा काउंटी, व्हर्जिनिया. वयाची नोंद म्हणे "वडिलांच्या बायबलात, ते थोरल्या भावाकडे". बापाचं नाव घ्यायला काय झालं होतं! पण भावाचं नाव दिलंय, आणि तेच नाव मोजणीत साखळी धरणाऱ्यांत आहे. केंटकीत आला १७८४ला, म्हणजे बूननंतर नऊ वर्षांनी. वहीत १७७५च्या शेजारी पेन्सिलीनं तसं लिहिलं. बूनला खोडलं नाही. सासूबाईंचं अक्षर आहे ते. आता ऑगस्टाची मृत्युपत्रं उघडते, भावासकट.