मदत हवी आहे : आईला कॅन्सरच्या तपासणीसाठी कसं तयार करू? (इंदूर)

नमस्कार मंडळी. आम्ही इंदूरला रामबागेत राहतो. आई ५८ वर्षांची. बीपी सोडलं तर ठणठणीत, म्हणून "मला काही होतच नाहीये, उगाच कशाला?" हे तिचं ठरलेलं उत्तर. मावशीच्या स्तनाच्या कॅन्सरचं निदान फार उशिरा झालं, तेव्हापासून माझा जीव टांगणीला लागलाय.

सरकारी कार्यक्रमात ३० ते ६५ वयाच्या बायकांची तोंड, स्तन आणि गर्भाशयमुखाची तपासणी मोफत होते. गर्भाशयमुखाला पातळ ॲसिटिक ॲसिड लावून पांढरा डाग उठतो का बघतात, काही मिनिटांचं काम. सगळं सांगून झालं. पण आई ऐकते फक्त आमच्या फॅमिली डॉक्टरांचं. ते बीपी बघतात, गोळ्या लिहितात, तोवर पुढचा पेशंट आत आलेला असतो. त्यांनी नुसतं "ताई, करून घ्या" म्हटलं तरी ती जाईल, खात्री आहे माझी.

डॉक्टरांना आधी एकटीनं भेटू, की मावशीबद्दल चिठ्ठी लिहून देऊ? त्यांना आगाऊपणा तर वाटणार नाही ना? आणि इंदूरमध्ये कुठल्या केंद्रावर महिला कर्मचारीच तपासतात? आई त्याशिवाय तयार होणार नाही. कुणी घरच्यांना नेलं असेल तर प्लीज सांगा.