अर्ध्या कॅरेटच्या हिऱ्याला हा भाव बरोबर आहे का?

नमस्कार मंडळी, भाचीच्या साखरपुड्याची अंगठी घ्यायची आहे. सोलापूरच्या सराफ बाजारात दोन हिरे बघून ठेवलेत. दोन्ही नैसर्गिक, गोल.

पहिला ०.५० कॅरेट, रंग जी (जवळपास रंगहीन), शुद्धता व्हीएस२ (डाग भिंगातूनच दिसतील इतके बारीक), आयजीआय या हिरे तपासणाऱ्या संस्थेचं सर्टिफिकेट. नुसत्या हिऱ्याचे ८५ हजार. दुसरा ०.४६ कॅरेट, रंग-शुद्धता तीच, पण सर्टिफिकेट जीआयए या दुसऱ्या तपासणी संस्थेचं आणि कट (पैलूंची घडाई) एक्सलंट, ६६ हजार. म्हणजे कॅरेटमागे १ लाख ७० हजार विरुद्ध साधारण १ लाख ४३ हजार. अर्धा कॅरेट भरला की भाव उडी मारतो हे ठाऊक आहे, पण एवढी? बोटात घातल्यावर तर आकारात काडीचाही फरक दिसला नाही.

त्यात पहिल्याच्या सर्टिफिकेटवर कट 'गुड' आणि फ्लुरोसन्स (अतिनील प्रकाशात हिरा चमकणं) 'स्ट्राँग' लिहिलंय. विचारलं तर मालक म्हणाले, "ओ साहेब, ते कोण बघतंय?" हिऱ्याच्या कडेवर लेझरने कोरलेला नंबर मात्र त्यांनी भिंगातून दाखवला, तो सर्टिफिकेटशी जुळला.

फ्लुरोसन्स स्ट्राँग असताना भाव उतरायला नको का? घासाघीस कितपत चालते? हल्ली कुणी घेतला असेल तर सोनं, मजुरी, जीएसटी सोडून कॅरेटमागे काय पडलं ते सांगा. लॅबमध्ये बनवलेला हिरा स्वस्त पडतो, माहीत आहे. घरात नैसर्गिकच ठरलाय, तेवढा सल्ला राहू द्या.