सीडॅकची बॅच सुरू होतेय? पहिले दोन महिने चॅटजीपीटी बंद ठेवा

जावाचा_जावई
भाच्याला सी-कॅटमध्ये (सीडॅक या सरकारी संगणक संस्थेची प्रवेश परीक्षा) बरी रँक आली, डॅकला (त्यांचा प्रोग्रॅमिंगचा कोर्स) आकुर्डीचं सेंटर मिळालं. मी एकच अट घातली: कोअर जावा आणि डेटा स्ट्रक्चर्स संपेपर्यंत चॅटजीपीटी, कोपायलट (कोड लिहून देणारा एआय) काही उघडायचं नाही. पोरगा रुसलाय.

कारण सांगतो. 24 आठवड्यांत 900 तास. दिवसभर लेक्चर आणि लॅब, रात्री असाइनमेंट, आणि एक मॉड्यूल पचायच्या आत पुढचं सुरू. रात्री दोनला असाइनमेंट चॅटजीपीटीकडून लिहून घ्यायचा मोह होणारच. पण गुणांची विभागणी बघा: सीसीईई (मॉड्यूलच्या शेवटची थिअरी परीक्षा) 40, लॅब परीक्षा 40, इंटर्नल 20. उसना कोड फार तर त्या 20 मध्ये चालेल.

एक उदाहरण. जावात दोन Integer (साधा int नव्हे) व्हेरिएबलमध्ये थेट 127 टाका आणि == ने तुलना करा, उत्तर ट्रू. 128 टाका, फॉल्स! जावा -128 ते 127 चे ऑब्जेक्ट आधीच बनवून ठेवतं आणि तेच पुन्हा पुन्हा देतं; 128 ला एरवी नवा ऑब्जेक्ट होतो, आणि == किंमत न बघता दोन्ही ऑब्जेक्ट एकच आहेत का ते बघतं. ज्याने यावर स्वतः तासभर डोकं आपटलंय तो किंमत तपासणारी इक्वल्स मेथड जन्मात विसरत नाही. तयार उत्तर वाचणारा परीक्षेपर्यंतही लक्षात ठेवत नाही.

मेकॅनिकलवाला
काका, हे सीएसवाल्यांना सांगा. मी मेकॅनिकल करून डॅकला गेलो. पहिला आठवडा सरायच्या आत सर इनहेरिटन्सवर. वर्गात निम्मे जण चार वर्षं कोडिंग करून आलेले, ते माना डोलवायचे, की सर पुढे. मला स्टॅक ट्रेस (एरर कुठून आली ते सांगणाऱ्या ओळी) म्हणजे काय हेच ठाऊक नव्हतं, लाल अक्षरं दिसली की खिडकी बंद करायचो. त्या वीस ओळींत आपली ओळ कुठली ते शोधायला मला चॅटजीपीटीने शिकवलं, तेही मराठीत.

ज्याचा मोठा भाऊ आयटीत आहे तो रात्री अकराला भावाला फोन लावतो. त्याला कुणी कॉपी म्हणत नाही. माझे वडील एसटीत कंडक्टर आहेत. मी कुणाला विचारायचं?

रिकामटेकडा_७७
आम्ही टर्बो सीच्या निळ्या स्क्रीनवर एकट्याने शिकलो. तरी दोन वर्षं बेकार होतो. चालू द्या.

खराडीची_टीमलीड
मी फ्रेशर्सचे इंटरव्ह्यू घेते. जावईबापूंशी बरीच सहमत आहे, पण कारण वेगळं.

रेझ्युमेवर स्प्रिंग बूट, रिॲक्ट, मायक्रोसर्व्हिसेस सगळं असतं. मी एवढंच म्हणते, "तुझ्याच प्रोजेक्टमध्ये ग्राहकाचा पिनकोड साठव आणि यादीत दाखव." एंटिटीत एक फील्ड, टेबलात एक कॉलम, स्क्रीनवर एक रकाना. प्रोजेक्ट स्वतः बांधलेला पोरगा वीस मिनिटांत बडबडत करतो, चुकतो, सुधारतो. बाकीचे कुठली फाइल उघडायची तेच शोधत बसतात. आमच्याकडे सगळे कोपायलट वापरतात, मीही वापरते. पण त्याने लिहिलेलं चुकलंय हे कुणाला तरी दिसायला हवं ना?

मेकॅनिकलवाल्या दादाचा भावाचा मुद्दा मात्र खरा आहे. भाऊ आणि चॅटजीपीटी यांत फरक एवढाच की भाऊ वैतागतो. "आधी तू काय करून बघितलंस?" असं विचारून फोन ठेवतो. त्या वैतागाचा फार उपयोग होतो.

ईएमआय_ग्रस्त
90,000 अधिक 18 टक्के जीएसटी म्हणजे 1,06,200. वर खोलीभाडं, मेस. लोकांनी कर्ज काढलेलं असतं. एका मॉड्यूलमध्ये नापास झालं की आधी प्लेसमेंटची धाकधूक सुरू होते, तत्त्वं नंतर. हाताशी असलेलं हत्यार वापरू नका हा सल्ला नोकरी पक्की असलेल्यांनाच सुचतो.

जावाचा_जावई
@ईएमआय_ग्रस्त, कर्ज आहे म्हणूनच म्हणतोय. लाख रुपये मोजून दुसऱ्याकडून गृहपाठ करून घ्यायचा?

मेकॅनिकलवाला
गृहपाठ आणि शंका यात फरक आहे, काका. मी एरर पेस्ट करून "कारण सांग, कोड देऊ नकोस" असं लिहायचो.

जावाचा_जावई
दुपारी तीनला तसं लिहिशील. रात्री दोनला?

मेकॅनिकलवाला
रात्री दोनला कधीकधी कोडही घेतलाय, खोटं कशाला बोलू. मॉड्यूल पास झालो, नोकरीलाही लागलो.

खराडीची_टीमलीड
मग असं करा. ज्या असाइनमेंटला मदत घेतली ती रविवारी कोऱ्या फाइलमध्ये, नेट बंद करून पुन्हा लिहायची. जिथे अडेल तेवढं आपलं झालेलं नाही. बंदीपेक्षा हे जमण्यासारखं आहे.

मेकॅनिकलवाला
हे मान्य. पण रविवारच धरा, शनिवारी लॅब असते.

जावाचा_जावई
रविवारी ताई भाच्याला कपडे धुवायला आणि डबे न्यायला साताऱ्याला बोलावणार. तिला कोण सांगणार?