मदत हवी आहे: सोसायटीत आलेला हा माशीमार लाल छातीचा की टायगा? (नाशिक)

नमस्कार मंडळी,

गंगापूर रोडला आमच्या सोसायटीच्या मागच्या भिंतीलगत एक जुना कडुनिंब आहे आणि त्याखाली कण्हेरीची रांग. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यापासून तिथे चिमणीहून लहान असा एक पक्षी रोज दिसतोय. सकाळी सव्वासातला मी चहा ठेवते तेव्हा हा कण्हेरीच्या खालच्या फांदीवर हजर असतो. स्वयंपाकघराच्या खिडकीपासून जेमतेम आठ फुटांवर.

वरून मातकट तपकिरी, पोटाकडे मळकट पांढरा, छातीवर किंचित पिवळसर झाक. डोळा टपोरा आणि त्याभोवती फिकट कडं. शेपटी काळपट, तिच्या बुडाशी दोन्ही बाजूंना पांढरं. बसल्या बसल्या पंख जरा खाली सोडतो आणि शेपटी झटक्यात वर उचलतो. मध्येच पाचोळ्यावर उतरून काहीतरी टिपतो आणि पुन्हा फांदीवर.

पहिल्या दिवशी मला थिरथिऱ्याची मादी वाटली, कारण ती आमच्या गच्चीवर दर हिवाळ्यात येतेच. पण तिची शेपटी विटकरी आणि सतत थरथरणारी, म्हणून तर ते नाव. याची शेपटी थरथरत नाही. एक झटका, मग थांबणं, मग पुन्हा झटका.

माशीमार आहे एवढं नक्की. अडलंय ते पुढे. आपल्याकडे हिवाळ्यात नेहमी येतो तो लाल छातीचा माशीमार. टायगा माशीमार सायबेरियाच्या जंगलांतला, तो हिवाळा काढतो मुख्यतः आग्नेय आशियात आणि आपल्या देशाच्या पूर्व-ईशान्य भागात. जुन्या पुस्तकांत हे दोन्ही एकाच जातीत धरलेले असल्यामुळे माझ्या कपाटातल्या पुस्तकाचा काही उपयोग होत नाही. मर्लिनला (पक्षी ओळखून देणारं मोबाइल अ‍ॅप) दोन फोटो दाखवले, तर एकावर त्याने लाल छातीचा सांगितला आणि दुसऱ्यावर टायगा. गळा पांढराच आहे, त्यामुळे गळ्याच्या रंगाची खूण गेली. टायगा असेल तर नाशिकसाठी ती मोठी नोंद ठरेल, आणि म्हणूनच खात्री झाल्याशिवाय ईबर्डवर (पक्ष्यांच्या नोंदींचं संकेतस्थळ) टाकायची नाही असं ठरवलंय. माझ्या घाईने नकाशावर खोटा ठिपका पडायला नको.

थंडी पडली की आम्ही सगळे नांदूरमध्यमेश्वरला धावतो. मीही जाते, राज्यातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे जागतिक महत्त्वाची पाणथळ, ठरलेली ती जागा आहेच तशी. पण तिथले चक्रवाक दुर्बिणीतून दूरवरचे. इतक्या जवळून, रोज, एकाच पाखराला पाहणं मला पहिल्यांदाच मिळतंय.

दुसरा प्रश्न जास्त तातडीचा. येत्या रविवारी भिंत रंगवण्यासाठी कण्हेरी बुडापासून छाटायची, पाचोळा उचलायचा आणि डासांसाठी फवारणी करायची असं सोसायटीत ठरलंय. सभेत मी काय सांगू? "पक्षी येतो" एवढ्यावर कोणी थांबणार नाही.

---

प्रतिसाद

ताई, वर्णन छान केलंय. आता तीन गोष्टी बघा. पाठमोरा बसला की शेपटीच्या मुळाशी वरच्या बाजूला असलेली पिसं पाहा. टायगात ती कुळकुळीत काळी, शेपटीपेक्षाही गडद असतात. लाल छातीच्यात ती शेपटीपेक्षा गडद नसतात, तपकिरीकडे झुकतात. दुसरं, चोच. टायगाची जवळपास पूर्ण काळी, लाल छातीच्याची खालची चोच बुडाशी फिकट. तिसरं आवाज: दोघंही टर्रर्र करतात, पण टायगाची टर्रर्र भराभर आणि कोरडी, किड्यासारखी, लाल छातीच्याची जरा सावकाश, एकेक ठोका कळण्यासारखी. मोबाइल खिडकीत ठेवून आवाज टिपा. त्याचा आवाज वाजवून त्याला बोलावू मात्र नका, खाण्याचा वेळ भांडणात जातो.

सभेत सांगा की हा पाहुणा एप्रिलपर्यंत आपण होऊन निघून जाईल आणि तोवर त्याचं पोट त्याच पाचोळ्यातल्या किड्यांवर आहे. भिंत रंगवा, पण कण्हेरी भिंतीपासून हातभरच मागे घ्या. डासांसाठी फवारणीपेक्षा कुंड्यांखालच्या ताटल्या आणि टाकीची झाकणं तपासा, डास तिथे होतात.

---

माझं उत्तर

दादा, मनापासून आभार. काल-आज दोन्ही दिवस पाठमोऱ्या पक्ष्याची वाट पाहत बसले. आज निफाडकडून येणारी ती बोचरी थंडी होती, ऊन यायला उशीर झाला आणि हा फुगून गोळा होऊन बराच वेळ एका जागी बसला, म्हणून साधलं. शेपटीच्या मुळाची पिसं शेपटीपेक्षा गडद नाहीत. खालची चोच बुडाशी फिकट, गुलाबीसर, तीन फोटोंत स्पष्ट. म्हणजे लाल छातीचाच म्हणायचा ना? आवाजही मिळालाय, पण मागे दूधवाल्याची मोटारसायकल आहे. उद्या पुन्हा टिपते आणि इथे टाकते, तोवर नोंद थांबवून ठेवली आहे.

सभेत अर्धं जमलं. कण्हेरी आता हातभरच छाटणार, पाचोळा कडुनिंबाखाली राहणार. फवारणीवर अजून अडलंय. ती थांबवता आली नाही, तर निदान कण्हेरीची रांग वगळून कशी करून घ्यावी, हे कोणी आपल्या सोसायटीत केलं असेल तर शनिवारच्या आत सांगा.