ट्रकच्या नोंदी मिळाल्या म्हणजे कोंडी सुटली का?

मालवाट
काल इथे एकाने लिहिलं, ‘ट्रकच्या जीपीएस नोंदी पालिकेने घ्याव्यात, तुंबणाऱ्या रस्त्यांवर दिवसा ट्रकबंदी लावावी, प्रश्न संपला.’ वाचून डोकं फिरलं. गाडी थांबली, एवढंच त्या नोंदीत दिसतं. सिग्नलला अडकली, माल उतरवत होती की चालक झोपला होता, हे कुठे कळतं? त्यात नोंदी बहुतेक मोठ्या कंपन्यांच्या. एक-दोन गाड्यांचा मालक त्यात सापडतच नाही, आणि शहरातल्या गल्लीबोळांत शिरतो तो तोच. बंदी घातली की मोठ्या ट्रकचा माल चार छोट्या गाड्यांत जाणार. मग रस्ता मोकळा होणार की आणखी भरणार?

नकाशेवाला
ती पोस्ट माझी. अपुऱ्या म्हणून नोंदी फेकून द्यायच्या का? अमेरिकेत ट्रकच्या जीपीएसवरून दरवर्षी सर्वात तुंबणाऱ्या जागांची यादी निघते, न्यू जर्सीचं फोर्ट ली कित्येकदा तिच्यात पहिलं होतं. थांबा कशाचा तेही कळतं. रस्त्यावर इंच इंच सरकणारी गाडी कोंडीतली, गोदामाच्या हद्दीत उभी असलेली मालाची.

चाक_फिरतंय
हद्दीत आधी घेतात का, ते विचारा! जन्म गेला या धंद्यात. वेळेवर पोचलो तरी फाटक बंद, आत जागा नाही. गाडी बाहेर रस्त्यावर, रांग पुढे सरकेल तशी इंच इंच सरकवायची. म्हणजे तुमच्या नकाशात ती कोंडी. दंडाची पावती चालकाच्या नावावर. हॉल्टिंग, म्हणजे गाडी अडकून पडल्याचे पैसे, मागितलं की पुढची फेरी दुसऱ्याला.

गोदामातून
सगळं खापर आमच्यावर नको. अकराची वेळ दिलेली गाडी आठलाच येऊन उभी राहते, मग आठवाल्याला जागा कुठून देऊ?

चाक_फिरतंय
अकरापर्यंत उभं कुठे राहायचं? शहराबाहेर एक तळ दाखवा, जिथे पाणी आणि संडास आहे. आणि आठवाला तरी आठला खाली होतो का? दुपार उलटते!

मालवाट
म्हणूनच आधी माल घेणाऱ्यांना वेळ बदलायला लावा. न्यूयॉर्कमध्ये २००९-१० साली दुकानांना पैसे देऊन रात्री माल घ्यायला लावलं होतं. चालकांना रस्ताही मोकळा मिळाला, गाडी लावायला जागाही.

रात्रपाळी
आणि आम्ही झोपायचं कधी? आमच्या खिडकीखाली पहाटे लोखंडी ट्रॉली खडखडतात, आईचा डोळ्याला डोळा लागत नाही. लंडनमध्ये १८ टनांवरच्या ट्रकना रात्री बहुतेक रस्त्यांवर मज्जाव आहे, १९८५पासून. उगाच नाही.

चाक_फिरतंय
दिवसा तुम्हाला नको, रात्री यांना नको. मग सामान दुकानात पोचवायचं कसं?

नकाशेवाला
फाटकाबाहेरची रांग वेगळी मोजायला हवी, एवढं मान्य. रांग लावणाऱ्या गोदामाला दंड करा, तेही चालेल. पण कोणत्या फाटकाबाहेर किती वेळ रांग असते, हे याच नोंदींतून निघणार आहे. दिवसाच्या बंदीवर मी ठाम आहे.

मालवाट
मग आधी वर्षभर फाटकांबाहेरच्या रांगा मोजा. बंदीचं त्यानंतर बोलू.