फोनवरचं फील्डवर्क हे फील्डवर्क धरायचं का?

सुपरव्हायजर_ताई
मी एमएसडब्ल्यूच्या, म्हणजे समाजकार्यात मास्टर्स करणाऱ्या पोरांचं फील्ड सुपरव्हिजन करते, म्हणजे लोकांमध्ये जाऊन प्रत्यक्ष शिकायचं त्यांचं काम बघते. ११ मार्च २०२० ला डब्ल्यूएचओने कोविडला महामारी म्हटलं आणि थोड्याच दिवसांत पोरं घरी, मग फोनवर केसवर्क (एकेका माणसासोबतचं काम) आणि व्हिडिओ कॉलवर ग्रुपवर्क. अमेरिकेत मास्टर्सला ९०० तास फील्ड लागतं, तिथल्या सीएसडब्ल्यूईने (समाजकार्याच्या कोर्सना मान्यता देणारी संस्था) तेव्हा ८५ टक्के म्हणजे ७६५ तास झाले तरी चालवून घेतलं. तासांचं मला एवढं काही नाही, पण घरात पाऊल न टाकता शिकलात काय? होम व्हिजिटला बाई म्हणते सगळं बरंय आणि तेव्हाच दिसतं की गोळ्यांची पाकिटं तशीच पडलीत, बापाचा आवाज आला की पोरगं कोपऱ्यात सरकतं. फोनवर नुसतं "सगळं बरंय" ऐकू येतं. त्या बॅचला नंतर वेगळं फील्ड द्यायलाच हवं होतं.

त्याच_बॅचचा
ताई, हे पटलं नाही. माझ्या एका केसमध्ये बाई मारणाऱ्या नवऱ्यासोबतच घरात अडकलेली, आम्ही ठरवलेलं की ती "रॉंग नंबर" म्हणाली की तो जवळ आहे, मग मी लगेच ठेवायचो, आणि बाकी प्रश्न असे विचारायचो की तिला फक्त हो-नाही म्हणावं लागेल. हे आम्हाला कुठल्या लेक्चरला शिकवलं नव्हतं, करत करत शिकलो. याला फील्ड नाही म्हणायचं तर कशाला म्हणायचं?

सुपरव्हायजर_ताई
तू चांगलंच केलंस, त्याबद्दल वादच नाही. पण जिच्याकडे स्वतःचा फोनच नव्हता ती तुझ्या केसलोडमध्ये आली का? तिचं काय झालं हे तुला कळायला मार्गच नव्हता, माझा मुद्दा तो आहे.

वॉर्डातली
मी मेडिकल सोशल वर्कर. तेव्हा आम्हालाच पीपीई किट पुरत नव्हते, विद्यार्थ्यांना कुठून देणार होतो? आणि लक्षणं नसलेला पोरगा म्हाताऱ्या क्लायंटच्या घरी संसर्ग घेऊन गेला असता तर? शिकणं हवं पण क्लायंटच्या जिवावर नको. पेशंट गेल्याचं नातेवाइकांना फोनवर सांगायचं काम मी केलंय, समोर बसून हात धरता येत नाही तेव्हा दोन वाक्यांमध्ये किती थांबायचं हेसुद्धा कौशल्यच आहे.

सुपरव्हायजर_ताई
संसर्गाचं मान्य, तेव्हा पाठवायला नकोच होतं. मी नंतरचं म्हणतेय. दारं उघडल्यावर तरी त्यांना महिनाभर घरोघर का नाही पाठवलं?

त्याच_बॅचचा
पाठवलं असतं तर गेलो असतो ताई. कोणी विचारलंच नाही, सर्टिफिकेट दिलं आणि मोकळे झाले.