मदत हवी आहे: चाकाचा तिसरा हिरवा दिवा

नमस्कार. आम्ही विलेपार्ल्याचे. मुलगी कमर्शियल पायलटचं ट्रेनिंग घेतेय, दोन इंजिनांच्या छोट्या विमानावर. चाक खाली येऊन लॉक झालं, म्हणजे जागेवर पक्कं बसलं, की त्याचा हिरवा दिवा लागतो. गेल्या आठवड्यात उतरताना चाकं खाली केली, तर तीनपैकी दोनच हिरवे दिवे लागले. पुढच्या चाकाचा विझलेलाच. ती आणि इन्स्ट्रक्टर विमान घेऊन पुन्हा वर गेले. तिने शेजारचा बल्ब काढून तिथे लावला. अंगठ्यावरचा चटका अजून दिसतोय. नेव्हिगेशन लाइट चालू असले की हे दिवे मंद होतात, म्हणून तेही बंद केले. तरी अंधारच. टॉवरने खालून पाहून चाक उतरलंय असं सांगितलं, पण ते लॉक झालंय का हे खालून कसं कळणार? शेवटी इन्स्ट्रक्टरांनी शक्य तितका वेळ नाक वर धरून टेकवलं. सुखरूप उतरले, देवाची कृपा.

आता म्हणतात, मायक्रोस्विच (चाक लॉक झालं की दिवा लावणारा छोटा स्विच) बिघडला होता, बदलला. जुहू विमानतळाच्या हँगरमध्ये, म्हणजे विमानांच्या शेडमध्ये, काम केलेलं कुणी इथे आहे का? असा स्विच बदलल्यावर विमान जॅकवर चढवून चाकं आतबाहेर करून बघतात ना? त्याची नोंद विद्यार्थ्याला मागता येते का? सोमवारी तिचं पुढचं उड्डाण आहे. ती निर्धास्त आहे, मला झोप नाही.